सडा, पाखाडी आणि भरतीची वेळ : चौघींच्या रिलेचा हिशेब

प्रश्न : मी ३८ वर्षांची, लांजे तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे. डांबरी रस्त्यावरच्या दोन अर्धमॅरेथॉन धावले आहे, दुसरी २ तास २५ मिनिटांत. जानेवारीत आमच्या जिल्ह्यात किनाऱ्यालगत ट्रेल मॅरेथॉन आहे : ४२ किमी, एकूण चढ १,१०० मीटर, सुरुवात सकाळी ६ ला, कट-ऑफ (शर्यत संपवायची मुदत) ८ तास. त्याच वाटेवर चौघांच्या संघाची रिलेही आहे. पहिला टप्पा ९ किमी, बहुतेक पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून), चढ ५० मीटर. दुसरा १३ किमी, पाखाड्या (दगडी पायऱ्यांच्या वाटा) चढून सड्यावर (कातळाच्या पठारावर), ५०० मीटर. तिसरा ८ किमी, कलमांच्या बागांतून उतरून साकवावरून खाडीपार, १५० मीटर. चौथा १२ किमी, दुसरा सडा ओलांडून पुन्हा पुळणीवर, ४०० मीटर. नवरा म्हणतो, पूर्ण मॅरेथॉनच कर. शाळेतल्या तिघी बाई रिलेसाठी मागे लागल्यात. एकीचे १० किमी ५८ मिनिटांत होतात. दुसरी रोज डोंगर चढून-उतरून शाळेत येते, पण पळायची सवय बेताची. तिसरी आत्ताशी सलग ५ किमी धावते. काय करू? रिले केली तर कुणी कुठला टप्पा घ्यावा? तयारीला बारा आठवडे आहेत. त्या दिवशी शुद्ध दशमी आहे असं सासूबाईंनी पंचांग बघून सांगितलं, त्याचा काही उपयोग असेल तर तेही सांगा.
— एक वाचक

ताई,

सासूबाईंनी सांगितलेली तिथी ही तुमच्या पत्रातली फार मोलाची माहिती आहे, तिच्याकडे येतोच. आधी मुख्य प्रश्नाचं उत्तर : यंदा रिले करा. पूर्ण मॅरेथॉन पुढच्या मोसमात.

हा सरळ हिशेब आहे. ट्रेलवर नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, चढही मोजावा लागतो. इंटरनॅशनल ट्रेल रनिंग असोसिएशनची रीत अशी की दर १०० मीटर चढाला १ किमी जादा धरायचा. म्हणजे तुमची ४२ किमीची शर्यत ५३ किमीच्या मेहनतीची झाली. डांबरावर तुमचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं ५२ सेकंद पडतो. खडी, पायऱ्या आणि वाळूवर तोच वेग पाय ताजे असताना आठ मिनिटांच्या आसपास येईल, आणि पहिल्यांदाच एवढं लांब जाताना सरासरी नऊ धरावी. ५३ गुणिले ९ म्हणजे ४७७ मिनिटं, ७ तास ५७ मिनिटं. पाणी भरणं, बुटातली वाळू झटकणं आणि एखादी वाट चुकणं, एवढ्या सगळ्याला तुमच्याकडे तीन मिनिटं उरतात. शिवाय ३० किमी संपतील तेव्हा साडेअकरा वाजलेले असतील आणि समोर दुसरा सडा असेल, जिथे सावलीला झाड नाही. जानेवारीतही इथे दुपारी पारा तिशीच्या वर जातो. हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. अशा वेळी कट-ऑफच्या धाकाने वेग वाढवणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. यजमानांना हे आकडे दाखवा, त्यांनाही पटेल.

आता तिथी. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी, दुपारी पावणेदोनच्या आसपास, पूर्ण ओहोटी. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आठवडाभर आधी जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा. चित्र मात्र तेच राहील : तुमचा पहिला टप्पा चढत्या पाण्यात आहे आणि शेवटच्या टप्प्याची पुळण ओहोटीत.

याचा पळण्यावर थेट परिणाम होतो. ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू सपाट आणि घट्ट असते, तिच्यावर वेग जवळजवळ रस्त्यासारखा मिळतो. भरतीला ती पाण्याखाली जाते. उरतो तो वरचा भाग, कोरडा, भुसभुशीत आणि समुद्राकडे उतरता. सुदैवाने दशमी अष्टमीच्या जवळची आहे, पाणी भांगाचं असणार. पौर्णिमेच्या उधाणासारखं ते सुरूच्या झाडांपर्यंत चढणार नाही, त्यामुळे लाटेच्या कडेला ओल्या वाळूची एक पट्टी मिळत राहील. त्या पट्टीवरून पळावं, पण तिच्या उताराकडे लक्ष ठेवून. सतत एका बाजूला कललेल्या जमिनीवर धावलं की समुद्राकडचा पाय खाली पडतो, डोंगराकडचा वर, आणि पाचव्या-सहाव्या किलोमीटरला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा कमरेत कळ सुरू होते. दर दहा मिनिटांनी शंभरेक पावलं वरच्या सपाट वाळूत जाऊन यायचं. तिथे वेग कमी होतो, पण पुढच्या आठवड्यातलं लंगडणं वाचतं. आखडती पावलं टाका, टाच वाळूत खुपसू नका. लाट चुकवायला दर वेळी उडी मारण्यापेक्षा बूट भिजू द्यावेत.

हे सगळं धरून टप्पे असे वाटा.

पहिला टप्पा वेगवान बाईंना. चढ नसल्यासारखाच, सुरुवातीची गर्दी असते, आणि भुसभुशीत वाळूत ज्याच्या अंगात वेग शिल्लक असतो तोच टिकतो. मेहनतीचे किलोमीटर साडेनऊ. डांबरावर त्यांचा वेग ५ मिनिटं ४८ सेकंद असला तरी इथे सात धरा. ६७ मिनिटं, म्हणजे ७ वाजून ७ मिनिटांनी त्या पहिल्या बदलीच्या जागी येतील.

दुसरा टप्पा रोज डोंगर चढणाऱ्या बाईंचा. यात दुमत नको. ५०० मीटर चढाच्या पाखाडीवर डांबरावरचा वेग काही कामाचा नाही, तिथे पोटऱ्या, मांड्या आणि चढाची सवय लागते. तिथे बहुतेक सगळे चालतच असतात, आणि चांगलं चालता येणारा माणूस धापा टाकत पळणाऱ्याला मागे टाकतो. मेहनतीचे १८ किमी, साडेआठ मिनिटांनी १५३ मिनिटं. सकाळी ९:४०.

तिसरा नव्या बाईंचा. अंतर सगळ्यात कमी, ९.५ मेहनतीचे किमी, साडेनऊच्या वेगाने दीड तास, ११:१०. यात उतार आहे आणि नवख्याचे गुडघे उतारावरच दुखतात, म्हणून त्यांच्या सरावात उतार वेगळा घ्यावा लागेल. ते पुढे सांगतो.

चौथा तुमचा. १६ मेहनतीचे किमी, आठ मिनिटांनी २ तास ८ मिनिटं, दुपारी १:१८. हा सगळ्यात उन्हाचा टप्पा आहे, आणि दोन-अडीच तास वेग राखून, पाणी आणि मीठ सांभाळत पळायचा अनुभव चौघींत फक्त तुम्हाला आहे. शेवटची पुळण तुम्हाला रुंद आणि घट्ट मिळेल, तोवर पाणी पुष्कळ ओसरलेलं असेल. संघाचा एकूण वेळ ७ तास १८ मिनिटं. ४२ मिनिटं हाताशी राहतात, आणि ती लागतात.

लागतात ती मुख्यतः बदलीच्या ठिकाणी. रिले पळताना जेवढी बिघडते त्याहून जास्त तिथे बिघडते. खाडीपलीकडचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि गाडीला तासाभराचा वळसा पडतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या टप्प्यात पळणारी बाई साकवावरून पाच मिनिटांत पलीकडे जाईल, पण तिला सड्यावर सोडून तुम्हाला पलीकडच्या काठावर पोहोचवणारी गाडी पुलावरून किंवा फेरी बोटीने जाणार. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारखी फेरी वाटेत येत असेल तर तिचं वेळापत्रक आधी हातात घ्या. एक फेरी चुकली की सगळा हिशेब कोलमडतो. आठवडाभर आधी कुणीतरी त्या रस्त्याने गाडी नेऊन प्रत्यक्ष वेळ मोजा. नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका. सड्यावरचे रस्ते अरुंद असतात, आणि शर्यतीच्या दिवशी तिथे पंचवीस संघांच्या गाड्या असतात.

तुम्हाला चौथ्या टप्प्याला न्यायला शक्य असेल तर दुसरी गाडी ठेवा. यजमान हौशी दिसतात, त्यांना हे काम द्या. एकच गाडी असेल तर तिसऱ्या बाईंना नऊच्या आत सड्यावर सोडून गाडीने लगेच तुम्हाला घेऊन निघायचं. दुसऱ्या बाई येतात कधी, टाळ्या वाजवू आणि मग निघू, असा मोह होतो, आणि त्यात अर्धा तास जातो. धावून झालेल्या बाईंनी परत कसं यायचं, आयोजकांची बस आहे का, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या.

प्रत्येकीने आपल्या अंदाजे वेळेच्या ४५ मिनिटं आधी बदलीच्या जागी असावं, आणि शेवटची २० मिनिटं बदलीसाठी आखलेल्या चौकटीच्या जवळ उभं राहावं. सड्यावर आणि खाडीच्या खोलगट भागात मोबाईलची रेंज नसते, त्यामुळे ‘निघाली की फोन करते’ या भरवशावर गाडीत बसू नका. पुष्कळ ट्रेल रिलेत दंडुका नसतो, वेळ नोंदणारी चिप लावलेला पट्टा किंवा बिबच (धावणाऱ्याच्या नंबराचा कागद) एकीकडून दुसरीकडे जातं. बिब असेल तर ते सेफ्टी पिनांनी टी-शर्टाला न टोचता कमरेच्या बिब-बेल्टला लावा. घामेजल्या बोटांनी चार पिना काढण्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि बोटंही टोचतात. चिपचा पट्टा असेल तर तो कुठे बांधायचा, घोट्याला की मनगटाला, हे चौघींचं एक ठरलेलं असू द्या. चिप न घेता पुढची बाई निघून गेली तर संघ बाद होऊ शकतो.

आता वाटेतल्या गोष्टी.

सहाला सुरुवात आणि सूर्योदय सातनंतर, म्हणजे पहिला टप्पा निम्म्याहून अधिक अंधारात आहे. डोक्याचा दिवा लागेलच. नोव्हेंबर ते मार्च हा आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ असतो आणि घरटी भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत असतात. पुळणीवर कुंपण घातलेली जागा दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूने जा. पांढरा झगझगीत दिवा समुद्राकडे किंवा घरट्यांकडे रोखू नका. दिव्याला लाल उजेडाची सोय असेल तर ती वापरा. दोन पुळणींच्या मध्ये खडप (किनाऱ्याचा खडकाळ भाग) लागलं तर तिथे पळू नका. कालवांची धार बूट कापते, आणि हात टेकला तर हातही.

पाखाडीच्या जांभ्या चिऱ्यांवर सावलीच्या बाजूला शेवाळ धरलेलं असतं, पहाटेच्या दवाने ते ओलं होतं. मधोमध झिजलेला भाग गुळगुळीत असतो, पायरीच्या कडेजवळचा खरखरीत भाग धरा. चढताना हात गुडघ्याच्या वर मांडीवर टेकून, अख्खं पाऊल पायरीवर ठेवून चाला. दोन-चार शब्दांचं वाक्य न धापता बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, तो तिथेच कमी करा. पाखाडीवर वाचवलेली दोन मिनिटं सड्यावर दहा मिनिटांनी वसूल होतात.

सड्याबद्दल जरा विस्ताराने सांगावं लागेल, कारण डांबरावरून येणाऱ्यांना तो सपाट म्हणून सोपा वाटतो. कातळावर जांभ्याची गोल बारीक खडी पसरलेली असते आणि ती बुटाखाली मण्यांसारखी गडगडते. वळणावर पाय टाकताना आधी वेग कमी करा, मग वळा. वाळलेलं गवत गुडघ्याच्या वर आलेलं असतं, त्यातली कुसळं मोजे भेदून आत जातात आणि दर पावलाला टोचत राहतात. घोट्याच्या वर येणारे दाट विणीचे मोजे किंवा बुटावर बांधायची छोटी गेटर्स घ्या, सुती मोजे नकोत. गवतात कातळाला पडलेल्या भेगा आणि खळगे झाकले जातात, म्हणून मळलेली वाट सोडू नका. वाट सोडू नका याचं आणखी एक कारण : आपल्या जिल्ह्यातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू इथली तर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ मध्ये गेली. कोरलेल्या रेषा उथळ असतात आणि बुटाखालच्या खडीने झिजतात.

सड्यावर दिशा कळत नाही, चारी बाजू सारख्याच. रिबन किंवा रंगाचा बाण तीनशे-चारशे मीटर दिसला नाही तर पुढे जाऊन शोधू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. वाटेची जीपीएक्स फाईल (नकाशावर वाट दाखवणारी) फोनमध्ये ऑफलाईन उतरवून ठेवा.

फुरसं, हा विषारी साप. लांज्याच्या माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको, पण शर्यतीच्या दिवशी नेमका विसर पडतो. दोन फुटांच्या आतलं, मातीच्या रंगाचं, अंगाचं वेटोळं एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करणारं. ते दगडाखाली आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत असतं. दगडावर बसण्याआधी बघा, गडग्यावर हात टेकून चढू नका, लघवीला आडोशाला जाताना पाय आपटत जा. चावलंच तर तो पाय किंवा हात हलू न देता बांधून ठेवायचा, घट्ट आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, अंगठ्या-पैंजण काढून घ्यायचे आणि १०८ ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठायचं. पळवत किंवा चालवत न्यायचं नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, म्हणून चिरा दिला की रक्त थांबत नाही, आणि दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक देणंही धोक्याचं. उपाय प्रतिविषाचाच. शर्यतीआधी आयोजकांना विचारा : जवळच्या कुठल्या रुग्णालयात सर्पदंशाचं प्रतिविष आहे आणि रुग्णवाहिका कुठल्या टप्प्यावर उभी असेल? चांगला आयोजक याचं उत्तर लगेच देतो.

कलमांच्या बागांत जानेवारीत मोहोर असतो आणि सकाळी फवारण्या चालतात. फवारणी दिसली तर थांबा, वारा जिकडून येतो त्या बाजूने जा, पाण्याच्या बाटलीचं तोंड झाका. गडग्यातलं बेडं (फाटक) उघडलंत तर लावूनच पुढे जा. गुरं बागेत शिरली की शेतकऱ्याचं वर्षाचं नुकसान होतं, आणि पुढच्या वर्षी शर्यतीला ती वाट मिळत नाही. साकवावर एका वेळी एकीनेच जावं, मधल्या फळ्यांवर उडी नको. खाडीकाठच्या गाळात बूट रुतून पायातून निघतो, म्हणून उतार संपला की थांबून नाडी घट्ट करून दुहेरी गाठ मारा.

बूट ट्रेलचे हवेत, तळव्याचे खिळे ३ ते ५ मिलिमीटरचे. फार खोल खिळे कातळावर उलट डगमगतात. नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या आणि शर्यतीआधी त्यात किमान ६०-७० किमी पळालेलं असू द्या. नखं तीन दिवस आधी कापा. मांड्या, काखा, ब्राच्या पट्ट्यांखाली व्हॅसलीन. पाळी त्याच सुमारास येणार असेल तर जे वापरणार ते आधी लांबच्या सरावात वापरून बघा. सड्यावर आडोसा मिळणं कठीण, बदलीच्या जागी शौचालय आहे का ते विचारून ठेवा.

पाण्याचा अंदाज घरच्या वजनकाट्यावर येतो. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ५८ किलोचं ५७.१ झालं आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर तासाला १.२ लिटर घाम गेला. हा सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो, पोट तेवढं घेत नाही. तहान लागेल तसं, तासाला ५०० ते ७०० मिली, घोट घोट प्या. नुसतं साधं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड होणं, उलटी, बोटं सुजणं, बरळणं ही त्याची लक्षणं, आणि हे उन्हाने झालं समजून आणखी पाणी पाजलं तर जीवावर बेततं. पळून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर तुम्ही जास्त प्यायलात, एवढं लक्षात ठेवा.

तुमच्या टप्प्यासाठी दीड लिटरची सोय पाठीवर घ्या, त्यात निम्मं साधं पाणी आणि निम्मं ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरातच मिसळायचं, अर्ध्या लिटरात दाट केलं की पोट ढवळतं. कोकम सरबत चालेल, मीठ घातलेलं आणि बेताचं गोड. शहाळं मात्र शर्यत संपल्यावर. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडियम फार थोडं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. दुखेल म्हणून आधीच आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन कुणीही पळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना इजा करते.

खाण्याचं : आदल्या रात्री वरणभात, बटाट्याची साधी भाजी. उसळ, तळलेलं, खोबऱ्याचं वाटण त्या दिवशी नको. पहिल्या बाईंनी चारला उकड्या तांदळाची पेज मीठ घालून आणि एक केळं घ्यावं. तुम्ही सातला नीट न्याहारी करा आणि दहाला अर्धी वाटी मऊभात किंवा दोन वेलची केळी. वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका जेलमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. तासाला एक जेल आणि थोडी चिक्की, दर २५ मिनिटांनी थोडं थोडं. दमल्यावर खाऊ असं म्हणून थांबू नका, तोवर पोट काम करेनासं झालेलं असतं.

तुमची वाट बघण्याची वेळ उन्हाची आहे. छत्री, पंचा आणि बर्फाच्या पाण्याची बाटली न्या. निघण्याआधी सावलीत पाच मिनिटं चालणं एवढा वॉर्म-अप पुरे, टोपी आणि मानेवरचा पंचा भिजवून निघा, प्रत्येक पाणी केंद्रावर पुन्हा भिजवा. सड्यावर कुणी अडखळत चालताना, असंबद्ध बोलताना दिसलं तर तो उष्माघात समजा. आधी जागच्या जागी सावली करून डोकं, मान, काखा, जांघा पाण्याने भिजवून वारा घाला, आणि मग हलवा. गाडीची वाट बघण्यात गेलेली मिनिटं महागात पडतात.

बारा आठवड्यांची आखणी. आठवड्यात चार दिवस पळा. दोन दिवस ४० ते ५० मिनिटं सावकाश. एक दिवस पाखाडीवर किंवा घाटीवर : दोन-तीन मिनिटांचा चढ, चार वेळा, वाढवत आठपर्यंत. रविवारी लांब. तुम्ही आणि दुसऱ्या बाईंनी १६ ते १७ किमीपर्यंत जा, नव्या बाईंनी ९ पर्यंत, पळणं आणि चालणं मिसळून. आठवड्याला दीड-दोन किमीहून जास्त वाढवू नका आणि दर चौथ्या आठवड्यात एकतृतीयांश कमी करा. वाळूतलं पळणं दहा मिनिटांनी सुरू करा. भुसभुशीत वाळूत टाच खोल जाते, टाचेमागची शीर ताणली जाते, आणि एकदम तासभर केलं तर महिनाभर दुखत बसते.

नव्या बाईंचा उतार : तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, दोनशे मीटरचा सौम्य उतार, चार वेळा. अंग मागे न टाकता, आखडती आणि झटपट पावलं, नजर तीन-चार पावलं पुढे. मागे कललं की टाच घसरते आणि सगळा मार गुडघ्यावर येतो. पहिल्या दोन वेळी मांड्या दोन दिवस दुखतील, त्यानंतर कमी होत जाईल. शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या बारा-चौदा दिवस आधी, नंतर नाही. घरी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडणं, १५ चे तीन फेरे, आणि पायरीवरून एका पायावर हळू उतरणं, दहाचे तीन फेरे, हे चौघींनीही करा.

नोंदणी करताना चौथ्या टप्प्यासमोर तुमचंच नाव, रक्तगट आणि ॲलर्जी नीट लिहा. बिब दुसऱ्या कुणाला देऊन पळू नका, कारण बेशुद्ध माणसाला मदत त्या बिबावरच्या माहितीवरून मिळते. कुणी आजारी पडली तर बदली खेळाडू किती दिवस आधीपर्यंत चालतो आणि टप्प्यांची अदलाबदल करता येते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आणि कुणालाही मधेच थांबावं लागलं तर पुढच्या किंवा मागच्या केंद्रावर जाऊन तसं सांगा. न सांगता गावातल्या रिक्षाने घरी गेलेल्या माणसाला शोधायला स्वयंसेवक अंधार पडेपर्यंत सडा पालथा घालत असतात.